खर्जाचा मणी

...मणी तिथेच होता. तंबोऱ्याच्या घोडीच्या खाली, चौथ्या, खर्जाच्या तारेत ओवलेला, तुरीच्या दाण्याएवढा, हाडाचा, हाताळून हाताळून पिवळा पडलेला – आणि मोतीराम शिवणयंत्राच्या पायटीवर पाय तसाच ठेवून कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे बघत राहिला होता, जणू काही मणी आपण होऊन सरकणार आहे. मांडीवर कुणाच्या तरी बंडीची बाही होती. ती उलटी जोडली गेली आहे हे त्याला मघाशीच कळलं होतं. उसवायची तेवढी राहिली होती.

कळलं, आणि राहिली... ही आपली जुनी खोड आहे, त्याच्या मनात आलं. कळत नाही असं कधी होतच नाही.

पावसाळाभर तंबोरा त्याच्याच दुकानात असायचा. तंबोरा गाणाऱ्या इंद्रभानभाऊंचा, पण त्यांचं घर नाल्याच्या अंगाला, भिंतींना ओल धरायची, आणि ओल म्हणजे भोपळ्याचा काळ. म्हणून मृग लागला की तंबोरा धामणगावातल्या त्या टोकाकडून या टोकाकडे यायचा, मोतीरामनं स्वतः शिवलेल्या गोधडीच्या खोळीत बसून. दर सोमवारी खोळ काढायची, मऊ धोतराच्या फडक्यानं भोपळा पुसायचा, बोटाच्या पेरानं ठोकून बघायचं – कुठे आवाज फुटका येत नाही ना, कीड आत शिरली नाही ना. मानेपाशी एकदा केसाएवढी चीर गेली होती, ती त्यानं लाखेनं भरली होती. तारा थोड्या सैल ठेवायच्या. जमिनीवर कधी टेकवायचा नाही. एवढा मोठा आवाज देणारी वस्तू, लोकांना वाटतं दांडगी असेल, पण नख लागलं तरी दुखावेल अशी ती. आणि या खेपेला तर तंबोरा पावसाळ्याच्या कितीतरी आधीपासून इथेच होता; गेले दहा महिने ही सगळी सेवा तो इमानानं करत होता, एका अशा तंबोऱ्याची, ज्याच्यापुढे बसून कुणी गात नव्हतं.

सेवा कसली म्हणा. पाप धुवायला निघाला होता फडक्यानं.

"भाऊजी, काम हाय का हातात?"

सत्यभामाबाई, इंद्रभानभाऊंच्या घरच्या. हातात खणाचं कापड होतं, पण ते त्यांनी पुढे केलं नाही. उन्हातून चालत आल्या होत्या आणि पदरानं तोंड पुसायचंही विसरल्या होत्या.

"बाही हाय. तिले घाई नाही. बसा वहिनी."

त्या बसल्या नाहीत. "काल त्याइले हिवतापाची पाळी येऊन गेली. तीन गोधड्या टाकल्या तरी खाट हालून राह्यली होती. उद्या सकाळी परत येणार. मलकापूरचा डॉक्टर म्हणे, पोटातली पानथरी वाढली, अंगात रक्त नाही. अजून दोन-तीन पाळ्या अशाच गेल्या तर मी काही सांगत नाही म्हणे. आजच्या आज क्विनीन पोटात गेली पाहिजे."

"मग द्या ना."

"देऊन राह्यली ना मी. नालीत फेकतात. म्हणतात, याच गोळीनं माहा सूर खाल्ला, आता उरलेले कान बी तिलेच देऊ का." त्यांनी कापड यंत्रावर टाकलं. "मरण चालते त्याइले, पण गोळी नाही. तुमचं ऐकतेत ते. पहिल्यापासून तुमचंच ऐकतेत. तुम्ही सांगा."

"सांगतो," मोतीराम म्हणाला. "दुपारी येतो."

त्या गेल्यावर कापड तिथेच राहिलं. त्यानं ते उचललं, घडी घातली, परत उलगडलं, परत घडी घातली.

तुमचं ऐकतेत. हो, ऐकतात ना. वीस वर्षं ऐकत आले. पाठीमागे बसून मी जे वाजवलं ते भाऊंनी डोळे मिटून ऐकलं, आणि त्याच्यावर पाय ठेवून वर चढले. मधल्या बोटानं पंचम, मग तर्जनीनं जोड, जोड, षड्जाच्या सारख्या दोन तारा, आणि शेवटी खर्ज, तोच षड्ज पण खालचा – तार ओढायची नाही, बोटाच्या मांसानं नुसती पुसायची, म्हणजे ती बोलते आणि आपण वाजवतो आहोत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. हीच त्यातली विद्या. शिलाईसारखीच. टाका दिसला तर तो शिंपी कसला.

खामगावला जायचं ठरलं ते गेल्या कार्तिकात, तुळशीचं लग्न आटोपल्यावर. महादेवराव म्हणून कापसाचे एक मोठे अडते होते, त्यांच्याकडे दुपारची बैठक. मोठमोठे वकील येणार, नागपूरकडचे दोघे जाणकार येणार. भाऊंचं नाव धामणगावच्या बाहेर जायची ही पहिली आणि कदाचित शेवटची वेळ, कारण पन्नाशी जवळ आली होती. आश्विनात त्यांना हिवताप येऊन गेला होता, क्विनीन खाऊन खाऊन कानात रातकिडे बोलायचे, पण ते थांबलं होतं. गळा मोकळा झाला होता. मोतीरामनं त्यांना नवा कोट शिवला, त्याची बटणं तीनदा बदलली. खर्जाची जुनी तार चांगली होती – मुरलेली, जागच्या जागी बसणारी. पण भाऊ म्हणाले, एवढ्या लोकांत जायचं तर नवी पितळी तार घाल, आवाज कसा उजळ येईल. मोतीरामनं सांगितलं होतं, नवी तार ताणते भाऊ, चार दिवस तरी तिला बसू द्यावं लागतं. ते हसले. म्हणाले, तू हाय ना मांगं.

बैलगाडीनं मलकापूर, तिथून आगगाडी, जलंबला गाडी बदलून खामगाव. सगळा रस्ता भोपळा त्याच्या दोन गुडघ्यांत.

आणि महादेवरावांच्या दिवाणखान्यात ओळखी झाल्या. तबलजींचं नाव सांगून झालं, त्यांच्या उस्तादाचं सांगून झालं. मग महादेवरावांनी मोतीरामकडे बघत विचारलं, "आणि हे?" भाऊ पान लावत होते. मान वर न करता हसत म्हणाले, "हा मोतीराम, आमचा शिंपी. तंबोऱ्याले काय, कोणीही बसते."

एवढंच. मनात काही नव्हतं त्यांच्या. हे तेव्हाही कळत होतं. माणूस चार बड्या लोकांत बावरतो आणि आपल्या माणसाला हलकं करून स्वतः जड होतो, हे सगळ्या जगात चालतं. पण त्यांच्या अंगावर मी शिवलेला कोट होता... आणि मी त्यांच्या पाठीमागे बसलो, तंबोरा मांडीवर घेतला, आणि कोटाच्या पाठीवरची माझीच शिवण बघत वाजवायला लागलो.

अर्ध्या घटकेत खर्ज उतरला. नवी तार ती, ताणली. थोडीशीच, कुणाला सांगितलं तरी समजणार नाही इतकी. जोड जागेवर, पंचम जागेवर, खर्ज तेवढा खाली – म्हणजे एकाच तंबोऱ्यात दोन षड्ज झाले आणि मधे भाऊ उभे. मणी मोकळ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. एका हातानं वाजवत दुसऱ्यानं तो जरा खाली सरकवायचा, सूर वर येतो. बैठकीत हे त्यानं शंभरदा केलं असेल. भाऊंचा आवाज एकदा खाली टेकायला गेला आणि घसरला. तबलजीनं हातोडीनं तबल्याचा गजरा ठोकला आणि भाऊंकडे बघितलं. तंबोऱ्याकडे कोण बघतं? पुढे बसलेल्या वकिलानं जांभई दाबली.

आत्ता सरकवतो, असं त्यानं मनाशी म्हटलं. या आवर्तनानंतर. मग पुढच्या. मनात एक आवाज होता, तो अगदी शांतपणे म्हणत होता – कोणीही बसते ना? बसू द्या मग.

मी ऐकलं होतं. खर्ज उतरला हे त्या खोलीत सगळ्यांच्या आधी मी ऐकलं होतं.

भाऊंनी बैठक लवकर आवरली. गळा धरला म्हणाले. लोकांनी हळदीचं दूध घ्या, ज्येष्ठमध चघळा असं सांगितलं. जलंबच्या फलाटावर, गाडीची वाट बघत, तो नवा कोट घडी करून त्यांनी मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मोतीराम, माहे कान गेले बे. तू बरोबर वाजवून राह्यला होता अन् मले खर्ज उतरलेला लागे. क्विनीननं खाल्ले."

तिथे सांगायचं होतं. गाडीला अर्धा तास होता. एका वाक्याचं काम. आणि मोतीराम म्हणाला, "होईल भाऊ बरं. मनावर घेऊ नका." वर त्यांच्या पाठीवरून हात फिरवला... दिवाणखान्यातलं एकवेळ रागाचं म्हणता येईल, पण हा हात? हा कशाचा होता? या हाताची त्याला आजही शिसारी येते.

तेव्हापासून भाऊ गायले नाहीत.

दुपारी तो तंबोरा खांद्याला लावून निघाला. बाजाराचा दिवस होता. भाजीवाल्या बाया अंग चोरून वाट देत होत्या, कुणीतरी विचारलं, "काऊन मोतीरामभाऊ, गाणं हाय का आज?" त्यानं मान हलवली, हो की नाही ते त्याचं त्यालाही कळलं नाही. रस्ताभर तो एकच बेत पक्का करत होता, आणि तो बेत त्याला फार शहाणपणाचा वाटत होता. तोंडानं काही सांगायचं नाही. तारा लावायच्या, आणि खर्ज त्या दिवशी होता तेवढाच खाली ठेवायचा. भाऊ ऐकतील. म्हणतील, खर्ज उतरला बे. मग आपण म्हणायचं, बघा, तुमचे कान शाबूत आहेत, क्विनीननं काही खाल्लं नाही, घ्या गोळी. त्या दिवसाचं त्यांचं त्यांना उमगेल, किंवा उमगणार नाही. तार बोलेल. आपल्याला बोलावं लागणार नाही.

ओसरीवर खाटेवर भाऊ पडले होते. दोन पाळ्यांच्या मधला दिवस, त्यामुळे शुद्धीत होते, पण चेहरा पिवळट, गालांची हाडं वर आलेली, आणि गोधडीच्या बाहेर आलेला हात कुणा दुसऱ्याचाच वाटावा इतका बारीक. सत्यभामाबाई उशाशी वाटी घेऊन बसल्या होत्या. वाटीत पांढरी गोळी होती आणि पेल्यात पाणी.

"तंबोरा काऊन आणला?" भाऊ म्हणाले. पण डोळे लकाकले.

"लय दिवस झाले. म्हटलं, ऐका जरा."

त्यानं तारा लावल्या. खर्ज जागेवर आणला आणि मग मणी थोडा वर घेतला – बरोबर तेवढा. बोटांना ते अंतर पाठ होतं, दहा महिने रोज पाठ केल्यासारखं. आणि वाजवायला लागला.

भाऊंनी डोळे मिटले. एक आवर्तन, दुसरं. मग कपाळावर आठी पडली. खामगावलाही पडली असेल ती, पाठीमागून त्याला दिसली नव्हती. म्हणा भाऊ, म्हणा.

डोळे उघडून भाऊंनी बायकोकडे बघितलं. "पाह्य. अजून तसंच हाय. हा एवढा सुरात वाजवून राह्यला अन् मले खर्ज उतरलेला ऐकू येते. अन् तू म्हणते गोळी खा." त्यांनी वाटी हातानं दूर सारली. गोळी वाटीत घरंगळली.

बोटं चालूच होती. थांबली तर काय होईल या भीतीनं चालू होती. आता मणी खाली सरकवला तर? तर भाऊ म्हणतील, आता नीट लागलं, गोळी सोडली म्हणून दहा महिन्यांनी कान परत आले, आणि मग तर ते गोळीला शिवणारही नाहीत.

"भाऊ," तो म्हणाला, "खर्ज खरंच उतरला हाय. तुमचे कान बरोबर हायत."

भाऊ हसले. किती दिवसांनी हसले असतील, सत्यभामाबाईंनीही चमकून वर बघितलं. "माह्या मनासाठी खोटं बोलतं काय बे? वीस वर्सांत तुह्या हातानं खर्ज उतरला नाही. उतरला असता तर तू उतरू देला असता का?"

सत्यभामाबाई त्याच्याकडे बघत होत्या. सांगा, असं त्या बघण्यात होतं.

आणि मोतीरामला एकदम कळलं – कळणं त्याच्या नशिबी नेहमी वेळेवर यायचं – की तारेचं सांगून भागणार नाही. तार ताणते, बसते, हे कुणीही मान्य करील. भाऊंचा विश्वास तारेवर नव्हताच. तो माझ्यावर होता, आणि तोच त्यांना मारायला निघाला होता. म्हणजे खामगावला खर्ज उतरलेला ऐकला होता, आणि तरी उतरू दिला, आणि का उतरू दिला, कोणीही बसते म्हणून, हे सगळं, या खाटेशी, या बाईसमोर, एकेक टाका उसवून सांगायचं... त्याखेरीज भाऊ गोळी गिळणार नाहीत. आजवर त्याला वाटत होतं, आपल्याला भीती आहे ती त्यांच्या रागाची. राग काय, चालला असता. भीती याची होती की, यानंतर ते कुणाच्याही भरवशावर डोळे मिटणार नाहीत.

त्यानं तळहात चारी तारांवर ठेवला. तारा थांबल्या, पण भोपळा छातीशी अजून थोडा बोलत होता, खालच्याच सुरात. तो पूर्ण थांबेपर्यंत मोतीराम थांबला. मग त्यानं तंबोरा मांडीवरून उचलून बाजूला, भिंतीशी, गोधडीवर आडवा ठेवला, आणि भाऊंच्या समोर पहिल्यांदाच तो रिकाम्या हातांनी बसला.

"काय झालं बे?" भाऊ म्हणाले.