मुठीमागचे ओरखडे

ही गेली त्याला पाच महिने झाले. गाडी हिची होती. चालवायची ही, मी शेजारी बसून सूचना द्यायचो. चालकाच्या दाराला मुठीमागे बोटं घालायला एक खळगी असते. तिथे हिच्या नखांचे ओरखडे आहेत, नऊ वर्षं रोज दार उघडून पडलेले. गेल्या महिन्यात गाडी धुणाऱ्याने ती जागा कसलीशी पेस्ट लावून घासली आणि निम्मे ओरखडे पुसट झाले. त्याला मी त्याच दिवशी काढून टाकलं. उरलेले तरी राहावेत, एवढंच मला हवं होतं.

मेहुण्याला मी हे कारण सांगितलं नाही. रंगाला संरक्षण हवंय, एवढंच म्हणालो.

"दाजी, डोळे मिटून सिरॅमिक कोटिंग करा," तो म्हणाला. "माझ्या ओळखीचं दुकान आहे. ती रंगावर पारदर्शक फिल्म चिकटवतात, त्या भानगडीत पडूच नका. मी येतो बरोबर."

डोळे मिटून म्हटलं की मी डोळे ताणून बघतो. एरवी दहा फोन केल्याशिवाय हा माणूस घराबाहेर पडत नाही. इथे न बोलावता, वेळेच्या आधी हजर. दुकानदाराकडून याला काहीतरी सुटत असणार, असा हिशेब मी मनात बांधला.

दुकानदार निघाला उलटाच. तो फिल्मचं गुणगान करायला लागला. त्याने फिल्म लावलेलं एक बॉनेट दाखवलं, त्यावर तारेचा ब्रश ओढला, किटलीतलं गरम पाणी ओतलं. ओरखडे गेले.

"ब्रश तुमचा, बॉनेट तुमचं," मी म्हणालो. "माझ्या किल्लीने बघू."

"बघा की काका."

मी किल्ली ओढली. त्याने पाणी ओतलं. तो ओरखडाही गेला. तरी मला वाटलं, पाण्यातच काहीतरी असेल.

"कोटिंग म्हणजे पातळ द्रव असतो," तो सांगू लागला. "पुसून लावायचा, मग कडक होतो. चकाकी येते, घाण चिकटत नाही. आधी पॉलिश करावं लागतं. या मुठीमागच्या रेघा पॉलिशमध्ये साफ जातील, काळजी नको."

"रेघा जायला नकोत."

त्याने किटली खाली ठेवली. "जायला नकोत?"

"नाही."

"काका, राग मानू नका. पण उद्या येऊन म्हणणार नाही ना, की ह्या तुमच्या दुकानात पडल्या? एक महाभाग होऊन गेलाय तसा."

म्हणजे आता तो माझ्याकडे संशयाने बघत होता. त्याने खळगीचे चार फोटो काढले. कार्डावर लिहिलं, 'जुने ओरखडे, गिऱ्हाईकाच्या सांगण्यावरून ठेवले', आणि माझी सही घेतली.

"माझ्या बायकोच्या नखांचे आहेत," सही करताना मी म्हणालो. "ती आता नाही."

मेहुणा मान खाली घालून उभा राहिला. दुकानदार म्हणाला, "मग काका, फिल्मच लावा. वरून कुणाचं नख लागणार नाही."

फिल्म कोटिंगच्या दुप्पट महाग. मला वाटलं, आता हा माझ्या दुःखाचाही भाव लावतोय.

"आधी रंगाची जाडी मोजू," म्हणत त्याने मोबाईलएवढं एक यंत्र काढलं.

"मोजायचं कशाला?" मेहुणा एकदम म्हणाला. "उगाच वेळ जातो. दाजी, कोटिंग करा आणि मोकळे व्हा."

दुकानदाराने यंत्र मागच्या दाराला टेकवलं. एकशे दहा मायक्रॉन. चालकाच्या दाराला टेकवलं. दोनशे ऐंशी.

"हे दार पुन्हा रंगवलंय," तो म्हणाला.

"शक्यच नाही. गाडी नवी घेतलीय. पहिल्या दिवसापासून आमच्या दारात आहे."

मी यंत्र त्याच्या हातातून घेतलं. स्वतः टपावर टेकवलं, मग दारावर. आकडे तेच. मागे वळून बघितलं तर मेहुणा भिंतीवरचं टायरचं कॅलेंडर वाचत होता. पाणी कुठे मुरतंय ते कळलं.

"बोल," मी म्हणालो.

"ताईने शपथ घातली होती, दाजी."

"बोल."

"गाडी आणल्यावर तिसऱ्या दिवशी फाटकाच्या खांबाला घासली. तुम्ही परगावी होता. दोन दिवसांत दार रंगवून घेतलं. फिल्मवाले रंग मोजतात हे मला माहीत होतं, म्हणून..."

"मला सांगायला काय झालं होतं तिला?"

"तुम्ही महिनाभर ऐकवलं असतं."

"महिनाभर?"

"वर्षभर," तो म्हणाला.

खोटं नव्हतं. नऊ वर्षं रोज त्याच फाटकातून निघताना मी हिला सांगायचो, खांब सांभाळ. ही 'हो' म्हणायची. तोंडावरची रेषसुद्धा हलायची नाही. राग आला, पण रागवायला समोर हाच होता.

"मग या दारावर मी फिल्म लावणार नाही," दुकानदार म्हणाला. "पाच-सात वर्षांनी फिल्म काढावी लागते. पुन्हा मारलेला रंग तिच्याबरोबर सुटून येऊ शकतो. रेघांसकट."

महाग माल विकणाराच नको म्हणाला, तेव्हा माझी पंचाईत झाली. आता संशय घ्यायचा कुणावर?

"पॉलिश न करता कोटिंग करतो," तो म्हणाला. "आहे ते तसंच आत राहील. पण कोटिंग घाण अडवतं, नख अडवत नाही. नव्या रेघा पडतील."

"ते दार माझ्याशिवाय कुणी उघडत नाही."

"मग नखं कापत जा."

"कापीन. पण त्या खळगीला तुमच्या माणसाचा हात लागायचा नाही. मी लावणार."

त्याने वाद घातला नाही. मला हातमोजा दिला, छोटा स्पंज दिला, त्यावर दोन थेंब टाकले. "घासू नका, फक्त फिरवा. मी सांगितलं की लगेच पुसा." मेहुण्याने दिवा धरला. माझी बोटं जाड, खळगीत नीट मावेनात. कसंबसं फिरवलं.

"पुसा."

पुसलं. खालचा रंग गडद झाला आणि रेघा आधीपेक्षा स्पष्ट दिसू लागल्या. सगळ्या उभ्या, बारीक. एक मात्र आडवी होती, खोल. ती नखाची नव्हती.

"ही कशाने पडली?" मी मेहुण्याला विचारलं.

"मला नाही माहीत, दाजी."

"नक्की?"

"ताईची शपथ."

मी वर बघितलं. दिवा त्याच्याच हातात होता, उजेड माझ्या डोळ्यांवर येत होता, आणि त्याचा चेहरा काही दिसेना.