महादेवरावांची लाइन

शेंदूरजनाघाटच्या पोस्टात टेलिफोनची लाइन एकच. वरूड, मोर्शी करत ती अमरावतीला जायची. गावात ज्याला म्हणून बाहेर बोलायचं असेल, त्या सगळ्यांचा जीव त्या एका तारेवर टांगलेला. संत्र्याच्या हंगामात तर विचारूच नका. बगिचेवाले, दलाल, ट्रकवाले सकाळपासून बाकावर येऊन बसायचे आणि आपला नंबर कधी येतो म्हणून एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे.

साडेअकरा ते साडेबारा मात्र बाक रिकामा असायचा. तो तास महादेवरावांचा. संत्र्याचे ते मोठे व्यापारी. हंगामभराचे पैसे भरून त्यांनी तो तास खात्याकडून बांधूनच घेतला होता. त्या वेळात अमरावतीहून त्यांचा माणूस गोपाळकृष्ण नागपूरचा भाव सांगायचा, आणि मग कोणता ट्रक कुठे सोडायचा ते महादेवराव ठरवायचे. ते बोलोत न बोलोत, तेवढा वेळ लाइन मोकळी राहिली पाहिजे असा करार होता.

करार इतका कडक व्हायला कारण घडलं होतं. मागच्या हंगामात एक माणूस खिडकीशी येऊन रडला. पोरगी आजारी आहे, अमरावतीच्या डॉक्टरशी बोलायचंय म्हणाला. महादेवरावांनी आपल्या वेळातून त्याला वेळ दिला. माणूस निघाला दुसऱ्या व्यापाऱ्याचा. त्यानं आजाराचं एक अक्षर काढलं नाही, भाव मात्र आधी काढून घेतला. त्यानंतर अमरावतीहून हुकूम आला की महादेवरावांच्या तोंडचा होकार असल्याशिवाय त्यांच्या वेळात लाइन कोणालाही द्यायची नाही. टेलिफोनवर बसणाऱ्या हरिहर पुसदेकरानं गळ्यातल्या माळेला हात लावून महादेवरावांना तसा शब्दही दिला होता.

हरिहर कीर्तनातला माणूस. रामनवमीला राममंदिरात बुवांच्या मागे झांज घेऊन उभं राहायचं, हे त्याचं लहानपणापासूनचं. बुवा जन्माचं आख्यान लावू लागले की याचे डोळे मिटायचे, ते पाळण्याचा दोर ओढल्यावर उघडायचे. पण बासष्टच्या रामनवमीला पोस्टमास्तर सुटीवर गेले आणि टेलिफोन सोडून जाता येईना. मंदिर पोस्टाच्या भिंतीला लागूनच. तेव्हा भोंग्यातून जे कानावर येईल ते आपलं, असं म्हणून तो खुर्चीत बसला होता. पूर्वरंग संपला, बुवांच्या गळ्यात हार पडला, बुक्का लागला, उत्तररंगाला सुरुवात झाली. सगळं त्याला न बघता दिसत होतं.

महादेवराव त्या दिवशी उत्सवाचे यजमान. पाळण्याचा दोर त्यांच्या हातात. सकाळीच ते खिडकीशी येऊन सांगून गेले होते, "गोपाळकृष्णाले सांगून ठेवलं हाय. जनम झाला का आलोच मी. लाइन तशीच ठेवजो."

पावणेबाराच्या सुमाराला सूर्यभान धावत आला. त्याच्या संत्र्याच्या बगिच्यापासून गाव चांगलं लांब, सगळ्या वाटेनं धावला असावा. पायात चप्पल नव्हती. त्यानं चिठ्ठी पुढे केली.

"बापूसाहेब डॉक्टरनं देल्ली. माह्या जमुनेले घटसर्प झाला म्हनते. घसा धरला लेकीचा. अठी इंजेक्शन नाई, अमरावतीच्या डॉक्टरले फोन करा, साडेबाराच्या यष्टीत टाकून द्या म्हना. थे यष्टी चुकली त रातची हाय. अन् रातवरी काई..."

हरिहरनं चिठ्ठी वाचली. अक्षर बापूसाहेबांचंच होतं. मग त्यानं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

"सूर्यभान, ही वेळ महादेवरावांची आहे."

"मंग?"

"त्यांना विचारल्याशिवाय मला देता येत नाही. शब्द दिलाय. पण घाबरू नको. बाराला जन्म होईल, महादेवराव इथे येतील. हो म्हणायला कितीसा वेळ लागतो? डॉक्टरच्या दवाखान्यापासून यष्टीचा स्टँड जवळच आहे. होतं बरोबर."

हिशेब सरळ होता. रामजन्म दुपारी बाराला, हे गावात लेकरूही सांगेल. सूर्यभान भिंतीला टेकून खाली बसला. कॉल लावायची मूठ हरिहरच्या हाताशी होती. लाइन मोकळी होती. तिच्यावर कोणी बोलत नव्हतं. नुसती ती तिथे होती.

बारा वाजले.

भोंग्यातून बुवांचा आवाज येत होता. कौसल्येचे डोहाळे चालले होते. मृदंग सावकाश. हरिहर कान देऊन बसला. आता लय वाढेल, आता बुवा थांबतील, आता 'पुंडलीक वरदा' होईल आणि ढोल वाजतील. लय वाढली नाही. बुवांनी नवी ओवी धरली.

"काहून होऊन नाई राहिलं?" सूर्यभान म्हणाला.

"होईल. घड्याळ पुढे असेल आमचं."

पण घड्याळ पुढे नव्हतं. आकाशवाणीवरून ते त्यानं रोज सकाळी लावून घेतलेलं. आणखी पाच मिनिटं गेली. हरिहर उठून मागच्या दाराशी गेला. तिथून मंदिराचं अंगण दिसायचं. बायाबापड्यांची दाटी, गुलालाची ताटं, आणि अंगणाच्या कडेला रोवलेल्या खुंटीपाशी पुजारी नत्थुजी उकिडवे बसलेले. त्यांची नजर खुंटीच्या सावलीवर. दगडावर कोरलेल्या रेघेपासून सावली अजून दोन बोटं दूर होती.

तेव्हा कुठे हरिहरला आपला हिशेब चुकल्याचं कळलं.

देव सावलीवर जन्मतो. सूर्य डोक्यावर आला, सावली रेघेला लागली, की नत्थुजी हात वर करतात आणि बुवा आख्यान सोडतात. पोस्टाचं घड्याळ सरकारी, आणि सरकारी बारा वाजल्यावर आपल्याकडे सूर्य पाव तास तरी उशिरानं माथ्यावर येतो. इतकी वर्षं तो झांज वाजवत डोळे मिटून उभा होता. घड्याळ बघायची वेळच कधी आली नव्हती. बाराला जन्म म्हणजे बाराला जन्म. अन् जन्मानंतर पाळणा, मग आरती, मग महादेवराव. तोवर यष्टी मोर्शीच्या रस्त्याला लागलेली.

"सूर्यभान, ऊठ. मंदिरात जा. महादेवरावांच्या कानाशी लाग. हो म्हणतात का एवढंच विचार. पळ."

सूर्यभान गर्दीत शिरला. हरिहर कवड्या मोजाव्यात तसे श्वास मोजत उभा. सूर्यभान परतला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर कोणाच्या तरी ताटातला गुलाल सांडला होता.

"काय म्हणाले?"

"मान नाई फिरवली त्याइनं. म्हने, मागल्या सालीबी पोट्टीच बिमार होती. म्हने, जनम झाल्याबिगर दोर नाई सोडत."

हरिहरनं घड्याळाकडे पाहिलं नाही. गळ्यातली माळ एकदा मुठीत धरली, सोडली, खुर्चीत बसला आणि मूठ फिरवली.

"अमरावती," पलीकडून एक्स्चेंजवरच्या सिंधूताईंचा आवाज. ही बाई त्यानं कधी पाहिली नव्हती, पण आवाज सहा वर्षांच्या ओळखीचा. "काय हो पुसदेकर, झाला का जन्म? महादेवरावांचा माणूस मघापासून डोकं खातोय माझं. जोडू का?"

"त्याला नको. मला डॉक्टर द्या." त्यानं नंबर सांगितला.

सिंधूताई म्हणाल्या, "ही त्यांची वेळ आहे. होकार आहे का त्यांचा?"

"नाही."

"पुसदेकर, मागच्या वेळी चौकशीला मला उभं केलं होतं."

"माझ्या नावावर लिहा. मी मागितली, मी घेतली. घटसर्प आहे ताई, लेकरू आहे."

खट् आवाज झाला. घंटी वाजू लागली. वाजत राहिली. मग कंपाउंडर आला, डॉक्टर जेवायला उठलेत म्हणाला. डॉक्टर आले. नाव पुन्हा विचारलं, वय विचारलं. औषध आहे म्हणाले. माणूस सायकलवर पाठवतो म्हणाले, फोन धरा. हरिहरनं धरला. सूर्यभान त्याच्या तोंडाकडे बघत होता.

भिंतीपलीकडे एकाएकी ढोल घुमले. गुलाल उडाला असावा. बाया पाळणा म्हणू लागल्या. ह्या आवाजासाठी हरिहर वर्षभर थांबायचा. आज त्यानं दुसऱ्या कानावर हात ठेवला, की अमरावतीचं नीट ऐकू यावं.

बऱ्याच वेळानं कंपाउंडरचा आवाज आला, धापा टाकत. "स्टँडवर जाऊन आलो साहेब. यष्टी गेली. समोरून गेली."

हरिहर काही बोलायच्या आत मधूनच गोपाळकृष्ण घुसला. "कोण आहे लाइनवर? साडेबारा होऊन गेले. शेठ कुठे आहेत? भाव उतरलाय, तिकडे ट्रक उभे आहेत. कोण बोलतंय?"

"बोलतो मी," कोणीतरी मागून म्हणालं.

महादेवराव दारात उभे होते. कपाळापासून धोतरापर्यंत गुलाल, मुठीत सुंठवडा. त्यांनी खोलीतलं सगळं एका नजरेत पाहिलं. जमिनीवर बसलेला सूर्यभान, हरिहरच्या कानाशी लागलेला फोन.

"तू शब्द देल्ला होता, हरिहर."

"दिला होता. मोडला." हरिहर उभा राहिला. "आणि मोडून उपयोगही झाला नाही. डॉक्टरचा कंपाउंडर औषध घेऊन पोचेपर्यंत यष्टी निघून गेली. मोडायचाच होता तर पावणेबाराला मोडायला हवा होता."

महादेवरावांनी त्याच्या हातातून फोन घेतला. कानाला लावला नाही. सूर्यभानकडे पाहिलं.

"पोट्टी कोठी हाय?"

"बापूसाहेबाच्या दवाखान्यात. तिची माय हाय तठी." सूर्यभान उठला नाही, की त्यानं हातही जोडले नाहीत. "चाला, दाखवतो."

"मागल्या सालच्यानंबी 'चाला' म्हटलं होतं," महादेवराव म्हणाले. "म्या गेलो नाई. खरंच धरलं."

फोनमधून गोपाळकृष्णाचा आवाज बारीक किड्यासारखा येत होता. नागपूर, भाव, ट्रक. महादेवरावांनी तो कानाला लावला.

"भाव राहू दे. ऐक. आपला तठचा ट्रक खाली झाला काय?"

पलीकडून काहीतरी लांबलचक.

"संत्र्याखालचं तनस नंतर भर. पेटारेबी राहू दे. थ्या डॉक्टरच्या कंपाउंडरले गाडीत घे, औषध त्याच्या मांडीवर दे अन् आत्ताच्या आत्ता नीघ. मोर्शीले चहाले थांबजो नोको. डाइवरले सांग, यष्टी मागं टाकली त धोतरजोडी देतो." थांबून ऐकलं. "नुकसान होईन त माह्यं होईन. तू कावून रडून राहिला?"

फोन त्यांनी हरिहरच्या हातात दिला. "माही वेळ सरली. पुढची लाइन आता ज्याची असन त्याची. पन मोर्शीवाल्याले सांगून ठेव, ट्रक दिसला का कळवजो." मग मुठीतला सुंठवडा सूर्यभानच्या हातावर ठेवला. "लेकीच्या मायले दे."

दाराशी जाऊन ते वळले.

"अन् हरिहर, तक्रार म्या करीनच. पोट्टी खरी होती म्हनून लाइन कोनाचीबी होत नाई."

"करा," हरिहर म्हणाला. "केलीच पाहिजे."

दुपार कशी गेली ते हरिहरला सांगता येणार नाही. मोर्शीहून कळलं, ट्रक गेला. मग वरूडहून. यष्टी अजून यायची होती. बापूसाहेबांच्या दवाखान्याशी ट्रक थांबला तेव्हा मंदिरात सुंठवडा वाटणं संपलं होतं आणि अंगणात पोरं उरलेला गुलाल उधळत होती. इंजेक्शन दिलं गेलं. पुढचं देवाच्या हातात, असं बापूसाहेब म्हणाले. ते असं सहसा म्हणत नसत.

सकाळी महादेवरावांची तक्रार पोस्टात आली. हरिहरनं तिच्यावर शिक्का मारला आणि अमरावतीच्या थैलीत टाकली. थोड्या वेळानं वरूडचा एक दलाल खिडकीशी आला. साडेअकरा झाले होते, लाइन रिकामी होती. दोनच शब्द बोलतो म्हणाला, हातापाया पडला.

"महादेवरावांना विचारून या," हरिहर म्हणाला.

विचारायची गरज पडली नाही. महादेवराव आलेच. खुर्चीत बसले, उपरण्यानं मान पुसली. हरिहरनं अमरावती लावली आणि फोन पुढे केला. त्यांनी घेतला, पण तोंडाशी न नेता त्याच्यावर तळहात ठेवला. पलीकडे गोपाळकृष्ण हॅलो हॅलो करत होता.

"सूर्यभानाची पोट्टी," ते हरिहरला म्हणाले, "गिळून राहिली काय काई?"

"सकाळी पेज गेली घशाखाली. दोन चमचे. मग रडली, आणखी हवी म्हणून."

महादेवरावांनी मान हलवली. मग फोनमध्ये मोठ्यानं म्हणाले, "हां, बोल आता. नागपूर काय म्हनते?"