तांब्याभर समुद्र

मित्रांनो, आजकाल प्रवासात पाणी कशातून नेतात ते मला ठाऊक नाही. माझ्या वेळी ते माझ्यातून नेत. मी पितळेचा फिरकीचा तांब्या. माझं झाकण फिरवून घट्ट बसवलं की गाडी कितीही आदळली तरी थेंब सांडत नाही. वर धरायला कडी आहे. आता मी जुना झालो, अंगावर पोचे आले, पण झाकण अजून बसतं. हे मुद्दाम सांगतो, कारण घरातले लोक माझे पोचेच तेवढे मोजतात.

नाशिकच्या तांबट आळीत मला ठोकून ठोकून घडवलं. आतून पांढरीशुभ्र कल्हई केली. रतनबाईच्या वडिलांनी तिच्या लग्नात मला दिलं आणि माझ्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव घालून घेतलं. तिच्याबरोबर मी कोपरगावजवळच्या एका उसाच्या मळ्यात राहायला आलो. घरात सासू बायडाबाई, थोरली सून साळूबाई आणि धाकटी रतनबाई. पुरुष माणसं होती, पण ती बहुतेक वेळ उसातच असत. दोघी जावा एका चुलीवर स्वयंपाक करत. एकीने भाकरी थापायची, दुसरीने शेकायची. त्यांचं चांगलं जमत असे.

१९७१ सालच्या जानेवारीत साखर कारखान्याने सभासदांच्या घरच्या बायकांची मुंबईची सहल काढली. एका घरातून एकच बाई. साळूबाई आदल्या वर्षी त्र्यंबकेश्वराला जाऊन आली होती, म्हणून या खेपेला रतनबाईने जायचं असं घरात ठरलं. रतनबाईला समुद्राचं भारी वेड होतं. मुंबईहून कोणीही आलं की ती विचारायची, "पल्याडचा काठ दिसतच न्हाई, खरं हाय का वो?"

कारखान्याचे कारकून रंगनाथ भाऊसाहेब नावं लिहायला आले तेव्हा रतनबाई विहिरीवर धुणं धुवायला गेली होती. बायडाबाई त्यांना म्हणाली, "थोरलीचं नाव लिवा. थोरली घरात असताना धाकटी पुढं गेली तर लोक काय म्हनतील?"

साळूबाई तिथेच उभी होती. तिने "रतनचं लिवा" एवढे दोन शब्द बोलायचे होते. ती बोलली नाही. मुंबई तिलाही हवी होती. मी खुंटीवरून सगळं पाहिलं.

त्या दिवसापासून रतनबाईने अबोला धरला. साळूबाईने काही विचारलं की ती उत्तर सासूला द्यायची. भाकरी रोजच्यासारख्या होत होत्या, पण चुलीपुढे एक शब्द नाही. आठ दिवस असं चाललं. मुंबईहून परत आल्यावरही हे असंच राहिलं तर काय करायचं, याची साळूबाईला मनापासून भीती वाटत होती. निघायच्या दिवशी मात्र रतनबाईने मला चिंचेने लख्ख घासलं, आडाचं पाणी भरलं आणि न बोलता जावेच्या पिशवीत ठेवलं. मालकीण घरी आणि मी मुंबईला, हे मला बरं वाटलं नाही.

कारखान्याने ठरवलेली एस.टी. कसारा घाट उतरून संध्याकाळच्या आत मुंबईत पोहोचली. चौपाटीवर सगळ्या बायका लुगडी सावरत पाण्याकडे पळाल्या. साळूबाईही पळाली, हसली, गुडघ्यापर्यंत भिजली. मग एकाएकी वाळूत खाली बसली. "हे रतननं बघाया पायजे हुतं," ती म्हणाली. तिने माझ्यातलं आडाचं गोड पाणी वाळूत ओतलं आणि मला लाटेत धरलं. खारं पाणी आत शिरलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी पिण्याच्या पाण्याचा तांब्या!

तिथून खरी पंचाईत सुरू झाली. साळूबाईचं माहेर पाथर्डीकडचं, मढीजवळचं. तिचे वडील कानिफनाथांसाठी पैठणहून गोदावरीच्या पाण्याची कावड आणत. त्यांच्या घरची रीत अशी की कुणासाठी भरलेलं पाणी त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत जमिनीला टेकवायचं नाही. टांगलं तर चालतं, टेकवलं की ते गेलं. साळूबाईने माझ्या बाबतीत तीच रीत धरली.

बरोबरच्या लंकाबाईने कपाळावर हात मारला. "अगं, मग परवा निघताना भरायचं की! आजच कशाला भरलंस?"

"आता भरलं. भरल्यालं माघारी वतू न्हाई," साळूबाई म्हणाली.

अशा रीतीने तिने पुढचे दोन दिवस मुंबई एका हाताने पाहिली. भेळ एका हाताने खाल्ली, त्यामुळे निम्मे कुरमुरे चौपाटीच्या कबुतरांना गेले. इराण्याच्या हॉटेलात लंकाबाई म्हणाली, "टेबलावर ठीव की, ती काय जमीन न्हाई." साळूबाईने वाकून टेबलाखाली पाहिलं आणि म्हणाली, "पाय जमिनीवरच हायत त्याचे." मी तिच्या मांडीवरच राहिलो. गेटवेपासून लाँचमध्ये बसून त्यांनी गोदीतली मोठमोठी जहाजं पाहिली. सगळ्या बायका कठडा दोन्ही हातांनी धरून होत्या, आणि आमची बाई समुद्रावरून समुद्र मिरवत होती. गिरगावात नाटक पाहिलं तेव्हा लढाईच्या प्रवेशाला तिने मला इतकं आवळलं की माझ्या पोटाला पहिला पोचा आला.

वस्तुसंग्रहालयाच्या दारात पहारेकऱ्याने अडवलं. सामान बाहेर ओळीने ठेवायचं, असा नियम होता. साळूबाईने खुंटी कुठे आहे ते विचारलं. खुंटी नव्हती.

"बाई, कोणी नेणार नाही तुमचा तांब्या," पहारेकरी म्हणाला.

"नेत्याल म्हनून न्हाई वो. टेकवायचा न्हाई."

बाकीच्या बायका तासभर जुन्या तलवारी आणि मूर्ती पाहत आत फिरल्या. ती बाहेर पायरीवर मला धरून बसली. मुंबईचा तेवढा भाग तिने पाहिलाच नाही. भुलेश्वरला बांगड्या भरताना मात्र कासाराने तोड काढली. डाव्या हातात भरताना मी उजव्यात, उजव्यात भरताना मी डाव्यात. सगळ्या बायका हसल्या. साळूबाई हसली नाही. घर जवळ येत होतं आणि तिला तिकडची काळजी लागली होती.

चौथ्या दिवशी दुपारी एस.टी.ने आम्हाला मळ्याच्या फाट्यावर सोडलं. रतनबाई गोठ्यात शेण भरत होती. साळूबाई तशीच तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. "रतन, तुझ्यासाठी समुद्राचं पानी आनलंय. घे."

रतनबाईने वर पाहिलं नाही. साळूबाई उभीच. म्हशीने मान वळवून आमच्याकडे पाहिलं, रतनबाईने पाटी भरली, रिकामी करून आणली, पुन्हा भरली. साळूबाईने मला या हातातून त्या हातात घेतलं.

शेवटी रतनबाई म्हणाली, "ठिवा तितं."

"खाली ठिवाया न्हाई यायचं. चौपाटीपासनं कुठंच टेकवल्यालं न्हाई."

रतनबाईने तेव्हा वर पाहिलं. जावेचा सुजलेला पंजा पाहिला. "थांबा आक्का, हात धुते," ती म्हणाली.

तिने ओसरीवर परात मांडली, मला दोन्ही हातांत घेतलं आणि माझं पाणी तिच्यात ओतलं. बराच वेळ पाहत राहिली. "एवढाच? ह्यात लाटा कुठं हायत?"

साळूबाईने परातीची कड धरून हळूच कलती केली. पाणी एका बाजूला गेलं, परत आलं. "अशी पायाशी येती बघ, अन् जाताना पायाखालची वाळू वढून नेती." रतनबाईने बोट बुडवून चाटलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा हसली.

साळूबाई रडायला लागली. "रतन, तवा म्या तुझं नाव सांगाया पायजे हुतं. न्हाई सांगितलं."

"मला ठावं हाय," रतनबाई म्हणाली. "मी धुनं घिऊन दाराशीच उभी हुते."

रतनबाईने परातीची दुसरी कड धरली आणि दोघी मिळून कितीतरी वेळ ती हलवत बसल्या.

उरलेलं पाणी रतनबाईने माझ्यातच परत भरलं आणि मला देवळीत ठेवलं. ओतायला तिचा जीव होईना. मीठ माझी कल्हई खात राहिलं. सात-आठ महिन्यांनी माझ्या बुडाला हिरवे डाग पडले, तेव्हा कल्हईवाल्याने मला उलटं करून ठोकून पाहिलं आणि मान हलवली; बूड आता कल्हई धरणार नव्हतं. पिण्याच्या पाण्याला मी कायमचा निकामी झालो. रागावलो होतो, खोटं कशाला सांगू?

बहात्तर साली रंगनाथ भाऊसाहेब पुन्हा नावं लिहायला आले. बायडाबाईने तोंड उघडायच्या आत साळूबाई म्हणाली, "रतनचं लिवा." या वेळी रतनबाई घरातच होती. तिने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि पेटीतलं नवं लुगडं काढून उन्हात टाकलं. पण त्या वर्षी पाऊस आला नाही. आड आटला, ऊस उभ्याउभ्या वाळला, सहल रद्द झाली. पुढे कारखान्याने तशी सहल काढली नाही. रतनबाईने समुद्र पाहिला तो परातीतलाच.

मित्रांनो, पितळेच्या भांड्यात खारं-आंबट साठवू नका, त्याची कल्हई वेळेवर करा, एवढं तर मी सांगेनच. पण आणखी एक सांगतो. जी जागा दुसऱ्याच्या वाट्याची आहे, तिच्यावर त्याचं नाव त्याच दिवशी, मोठ्याने सांगा. नंतर हात सुजेपर्यंत वाहून आणला, तरी समुद्र तांब्याभरच येतो.