नाहीची नक्कल

सरकारच्या दप्तराचं कौतुक मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ऐकत आले. माझे सासरे तर कचेरीचं नाव निघालं की बसल्या जागी पागोटं सारखं करायचे. ते दप्तर मी आता माझ्या डोळ्यांनी बघून आले आहे. आमच्या माळ्यावरचा पेंढा त्याहून बरा रचलेला असतो.

आमच्या गावात शिमग्याला देवीची पालखी निघते ती आधी आमच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, येते. आमचं वरचं घर. मग खालचं घर, आणि मग वाडीवाडीने फिरते. पहिल्या खळ्यात देवीला खिरीचा नैवेद्य असतो. त्याला दूध भावकीच्या दुभत्याचंच लागतं, परक्याचं चालत नाही. एवढी ती गोष्ट. बाहेरच्याला वाटेल, पालखी काय, आज इथे आधी, उद्या तिथे आधी. बाहेरच्याला वाटू दे. ज्या खळ्यात पालखी आधी उतरते त्या घराला गाव घर म्हणतो.

माझ्या केरूचे वडील गेले, आणि वर्षश्राद्ध होतंय न होतंय तोच खालच्या घरच्या महिपत भावोजींना वाचा फुटली. हे माझे चुलत दीर. म्हणायला लागले, वरच्या घरात आता बाप्या माणूस नाही, पोरगा मुंबईला गिरणीत, बाईच्या खळ्यात देवी उतरवायची कशी. मी असताना घरात माणूस नाही. मी काय मांजर आहे?

सासऱ्यांच्या वेळीही हा तंटा झाला होता. तेव्हा मामलेदार स्वतः गावात आला, सहाणेवर, म्हणजे गावाच्या चौथऱ्यावर, बसला, दोन्ही घरांचं ऐकलं आणि निकाल लिहून घेऊन गेला. पालखी आमच्याकडे येत राहिली. सासऱ्यांनी निकालाची नक्कल काही घेतली नाही. सरकारने ठेवलाय ना, मग आपल्या घरात कशाला, म्हणाले. आता भावोजी सांगत सुटले की निकालात ‘वरच्या घरी कर्ता पुरुष असेतोवर’ असं लिहिलं आहे. पोलीसपाटील भागोजी. त्याला दोन्ही घरची जेवणं हवीत, म्हणून तो म्हणाला, जो कचेरीतून निकालाची नक्कल आणील त्याचं खरं. कुणीच आणली नाही तर पालखी देवळातच राहील. गावाने मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही.

हे गिरण्यांचा मोठा संप झाला त्याच्या पुढच्या सालचं. केरूला आधीच काम टिकवायची मारामार. त्याला बोलावून काय करू. मी लुगडं नीट नेसले, चार शहाळी बांधून घेतली आणि तालुक्याच्या गावी गेले.

दप्तराचा कारकून चिंतामणराव. माणूस खुर्चीत बसला नव्हता, खुर्चीत सांडला होता. मी उभ्याने सांगितलं, काय हवं ते. त्याने आधी शहाळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. अर्ज कुठे, म्हणाला. मी म्हटलं, तोंडाने सांगितलं तोच अर्ज. तोंडाचा अर्ज होत नाही म्हणाला. मग नवऱ्याचं नाव विचारलं. मी सांगितलं, केरूचे वडील. तो शेजारच्या मेजावरच्याला ऐकू जाईल असा हसला. ज्यांचं नाव मी एकदाच घेतलं, लग्नात, तेही उखाण्यात, ते याच्या मेजावर सांडायला आणायचं होतं का? शेवटी पट्टेवाल्याच्या कानात आमच्या गाडीवाल्याने सांगितलं आणि पट्टेवाल्याने त्याला.

मग निकालाचा नंबर विचारला. नंबर कागदावर असेल, आणि कागद तुमच्याकडे आहे, मी म्हटलं. तर नंबर असल्याशिवाय कागद सापडायचा नाही आणि कागद सापडल्याशिवाय नंबर कळायचा नाही. हे त्याने अशा थाटात सांगितलं, की ही अक्कल जशी काय त्याने आगबोटीने विलायतेहून मागवली होती. शहाळी मात्र नंबराशिवाय ठेवून घेतली.

दुसऱ्या खेपेला मी ओसरीवर बसणाऱ्या अर्जवाल्याकडून अर्ज लिहून घेतला, त्याला तिकीट लावलं. मी मराठी दुसरीत शाळा सोडली, पण आपल्या नावाची अक्षरं मला काढता येतात. ती काढली. चिंतामणरावाने अर्ज उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला आणि म्हणाला, शोध चालू आहे. खुर्चीतून न उठता शोध चालू होता. आमची कोंबडी अंडं घालायची जागा शोधते ती तरी चार पावलं चालते.

तिसऱ्या खेपेला त्याने मला आपणहून जवळ बोलावलं. तेव्हाच मी ओळखलं की आता काहीतरी नासकं बाहेर पडणार. त्या सालचा अख्खा रुमाल वाळवीने खाल्ला म्हणाला. रुमाल म्हणजे ते कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. मग आवाज खाली आणून म्हणाला, निकाल त्याने पूर्वी वाचलेला आहे, त्याला शब्द न् शब्द आठवतो. तसाच्या तसा उतरून, शिक्का मारून द्यायला हरकत नाही. अगदी वरच्या घराच्या बाजूचा.

सासऱ्यांच्या वेळचा निकाल याला आठवत होता. तेव्हा याच्या बापाची मुंज व्हायची होती.

“घरी दुभतं काय आहे?” त्याने विचारलं.

“एक गाय आहे. पण ती माणूस ओळखते. तुम्हाला धार द्यायची नाही.”

त्याचं तोंड आंबट झालं. पण मी तिथून हलले नाही. मी म्हटलं, वाळवीने खाल्ला तर खाल्ला, वाळवीला काय कळतंय. तेवढंच लिहून द्या, की कागद नाही.

तो मला लहान पोराला समजवावं तसं समजावून सांगायला लागला. “आहे त्याची नक्कल मिळते, बाई. नाही त्याची नक्कल नसते.”

बघा. आमच्याकडून पानसुपारीचासुद्धा कागद मागतील, आणि स्वतःचं एक ‘नाही’ लिहायचं म्हटलं तर बोटं वाकडी होतात.

घरी परत येताना पाखाडीच्या पायऱ्या चढत खालच्या घराच्या गोठ्यावरून यावं लागतं. गोठ्यात त्यांची दुभती म्हैस नव्हती. खुंटा होता, दावं होतं, शेण होतं, म्हैस नव्हती. जावेला, गंगुबाईला, विचारलं. ती म्हणाली, माहेरी पाठवली. म्हैस माहेरी जाते हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी विचारलं, बाळंतपणाला का. ती पदर तोंडाला लावून आत पळाली. भावोजी ओटीवर पाय हलवत बसले होते. म्हणाले, “वयनी, उगाच पाय झिजवू नका. कागद जिथे यायचा तिथे आलेला आहे.”

मला कुणी काही लिहून दाखवावं लागलं नाही. दुभत्याची चौकशी त्यांच्याकडेही झालेली होती. माझ्या बाजूचा निकाल आठवणाऱ्या त्या गृहस्थाला त्यांच्या बाजूचाही आठवला होता.

मामलेदार फिरतीवरून परत आल्याचं कळलं त्या दिवशी मी कचेरी उघडायच्या आधी त्याच्या दाराशी जाऊन बसले. पट्टेवाला उठवायला लागला. मी म्हटलं, हात लाव, मग बघ. त्याने लावला नाही. मामलेदार आला तो घाटावरचा तरुण पोरगा, केरूच्याच वयाचा, बुटांवर आमच्या तांबड्या मातीची पुटं. मी त्याला सगळी रामकहाणी सांगत बसले नाही. या लोकांना गोष्ट सांगितली की ते गोष्टीचाच कागद मागतात. मी एवढंच म्हटलं, “सायब, तुमच्या दप्तरात माझा कागद नाही म्हणतात. तो नाही असं मला तुमच्या सहीने हवं.”

“नसलेल्या कागदाचं काय करणार, आजी?”

“ते माझं मी बघेन. तुम्ही खरं लिहायला भिता का, तेवढं सांगा.”

पोरगा जरा लाल झाला. पण उठला, हे त्याच्या आईचं पुण्य. चिंतामणरावाला हाक मारून स्वतः दप्तराच्या खोलीत गेला. मीही मागोमाग गेले, मला कुणी बोलावलं नव्हतं. तिथे रुमाल एकावर एक पडलेले, कुणाला गाठ आहे, कुणाला नाही, एका कोपऱ्यात फुटका कंदील आणि कुणाच्या तरी लोणच्याच्या बरणीचं झाकण. त्या सालचा रुमाल मामलेदाराने ओढला तर त्याच्या हातात कापड आलं आणि आतून माती गळाली. वाळवीचं तेवढं खरं होतं. त्या खोलीत काम कुणी केलं असेल तर वाळवीनेच.

मग मी माझं दुसरं मागणं पुढे केलं. म्हटलं, आणखी एक ओळ घाला, की या कागदाची नक्कल याआधी कुणालाही दिलेली नाही.

मामलेदाराने चिंतामणरावाकडे बघितलं. “दिलीय का?”

आता तो काय बोलणार? दिली म्हणावं तर कशावरून उतरली, आणि नोंदवहीत तर काही नाही. त्याच्या कपाळाला घाम आला. माझ्याकडे त्याने असं बघितलं, जसं काही मी त्याचं खाल्लं होतं. “नाही, साहेब,” म्हणाला. मामलेदाराने त्यालाच लिहायला बसवलं. आपल्या हाताने त्याने ते लिहिलं, वर शिक्का बसला, खाली साहेबाची सही. कागद वाळेपर्यंत मी फुंकर मारत उभी राहिले.

शिमग्याला केरू चार दिवसांची रजा काढून आला. होळी उभी राहिली, आणि गाव सहाणेवर जमला. भावोजींनी कोटाच्या आतल्या खिशातून आपली नक्कल काढली, रेशमी रुमालात गुंडाळलेली. शाळेच्या मास्तरांनी ती वाचली. ‘वरच्या घरी कर्ता पुरुष असेतोवर’ इथे आल्यावर भावोजींनी सगळ्यांकडे एकदा मान फिरवून बघितलं. मी माझा कागद पुढे केला. मास्तरांनी वाचलं: सदर निकालाचा कागद वाळवीने नष्ट झाल्याने दप्तरी नाही, आणि त्याची नक्कल आजपावेतो कोणासही दिलेली नाही. मग मास्तरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. अक्षर एकाच हाताचं होतं. मास्तरांनी ते तसेच पाटलापुढे धरले. मागून कुणीतरी म्हणालं, म्हशीचं अक्षर चांगलं आहे. सगळी सहाण हसली.

भागोजी पाटलाचं तोंड लगेच माझ्या बाजूला फिरलं. म्हणाला, तर मग पालखी वरच्या घरीच. पण भावोजी खालमानेने का होईना एक बोलले, ते खोटं नव्हतं. वयनीच्या कागदाने माझा कागद खोटा होतो, त्यांचा मान खरा होत नाही.

मी घाबरणारी नव्हते. म्हटलं, कागदवाल्यांचं बघून झालं. आता जिचा मान तिलाच विचारा. लावा कौल.

बाबू गुरवाने देवीसमोर गाऱ्हाणं घातलं, गावाने होय महाराजा म्हटलं. पाषाणाला पाण्याने दोन कळ्या लावल्या. पालखी पहिली वरच्या घरी यायची असेल तर उजवी सोड, नसेल तर डावी. मी हात जोडले होते, पण नजर उजवीवर होती. पालखी माझ्याकडे आल्यावर रांगोळी कुठे घालायची हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

डावी पडली.

केरू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “आये, पुन्हा लावायला सांग. तीनदा लावतात.”

“नाही.”

“अगं पण...”

“नाही म्हणाली ना ती? ऐकू आलं मला.”

मला लागलं नाही असं नाही. त्या रात्री मी जेवले नाही, आणि केरूच्या वडलांच्या खाटेवर जाऊन बसले. पण कचेरीने माझे तीन महिने खाल्ले आणि एक ‘नाही’ माझ्या पदरात टाकायला तिला घाम फुटला. देवीने नारळ फुटायच्या आत तोंडावर सांगितलं. नंबर विचारला नाही, नवऱ्याचं नाव विचारलं नाही, दुभतं विचारलं नाही. ज्याला सरळ नाही म्हणता येतं त्याचं मी ऐकते. आणि भावोजींची अक्कल बघा. जी गोष्ट दोन कळ्यांत मिळणार होती ती म्हैस देऊन खोटी विकत घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी निघायची होती. ढोल वाजायला लागले तेव्हा महिपत भावोजी रिकामा तांब्या घेऊन माझ्या खळ्यात उभे राहिले. खिरीला दूध हवं होतं. भावकीत दुभतं आता आमच्याकडेच होतं. त्यांची म्हैस तालुक्याच्या गावी चिंतामणरावाला साय खाऊ घालत होती.

त्यांनी तोंड उघडायच्या आधी मीच विचारलं, “भावोजी, अर्ज आणलात का?”

केरू आतून हसला, त्याला मी डोळ्यांनी गप्प केलं. मग चुलीजवळून चरवी आणली आणि तांब्या काठोकाठ भरून दिला. देवी जायची होती, दूध कमी पडून कसं चालेल. म्हटलं, सांडू नका, आणि पालखी वर यायच्या आत तांब्या घासून परत पाठवा.