जोतीराम मोटारवाल्याचा उपास

आप्पांचा सदरा धुवायला घेतला आणि खिशात गोळ्यांचे सहा तुकडे हाताला लागले. पांढऱ्या अर्ध्या गोळ्या, मीच ब्लेडने कापलेल्या. सकाळी अर्धी, दुपारी अर्धी, संध्याकाळी अर्धी. दोन दिवस मी समोर उभी राहून दिल्या होत्या आणि हा माणूस मान मागे टाकून, पाण्याचा घोट घेऊन मला सांगत होता, "गिळली बरं का, सुकन्या!"

"आई, हे काय गं?" मी ओरडलेच.

आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "वरडू नगं. देवाचा उपास हाय. तीन दिस पाण्याबिगर तोंडात काय घ्यायचं न्हाय. ठावं न्हाय व्हय तुला?"

"अगं, गोळी म्हंजी काय जेवान हाय?"

"पोटात जातीया न्हवं? मग झालं की."

म्हणजे हिला माहीत होतं! माझं डोकं असं तडकलं की सांगता सोय नाही. आमच्या घरात एकजण शहाणा असेल तर शपथ.

माझे वडील जोतीराम. निमगाव केतकीच्या स्टँडजवळ पत्र्याच्या शेडमध्ये पाण्याच्या जळक्या मोटारी भरून द्यायचे. आजोबांनी मेंढरं विकली तेव्हापासून हाच धंदा. तांब्याच्या केसासारख्या तारेचे वेढे घालायचे, एक वेढा चुकला की सगळी मोटार उलगडा. हात म्हणजे काय हात होते त्यांचे! पण पोट वैरी. कळा, मुरडा, गॅस, दिवसातून सहा वेळा टमरेल. अकरा वर्षांपूर्वी कुणा डॉक्टरने एक गोळी लिहून दिली आणि पोट निवलं. मग कागदही लागेना, दुकानदार तोंड बघूनच पाकीट काढायचा. रोज तीन. पुढं पुढं गोळीला तासभर उशीर झाला तरी हात कापायला लागले, घाम फुटायला लागला, आणि पोट पुन्हा पहिल्यासारखं. जो तो सल्ला द्यायचा. कुणी हिंग सांगितला, कुणी बेंबी सरकली म्हणून चोळून घेतली. आजार म्हशीला नि औषध पखालीला!

शहाण्णव साली मी बारामतीच्या कॉलेजात होते. तिथल्या एका डॉक्टरांकडे मीच त्यांना ओढत नेलं. डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. "या गोळीत पोटाच्या औषधाबरोबर मन शांत करणारं औषध असतं. शरीराला आता त्याची सवय लागलीय. हळूहळू सोडवू. पण जोतीराम, एक लक्षात ठेवा, एकदम बंद केलीत तर फेफरंसुद्धा येऊ शकतं."

चार महिने झाले होते त्याला. तीनवरून दीडवर आलो होतो. सरळ नाही आलो. मध्ये एकदा कळा येऊन आप्पा गडाबडा लोळले आणि पुन्हा तीनवर गेलो, परत मोजून खाली उतरलो. आणि आता हे!

"आप्पा कुठं हाईत?"

"देवळाकडं गेलं की पहाटंच. आज गजाचा ढोल त्यांच्याकडं हाय."

बिरोबाच्या जत्रेत गजाच्या नाचाला पहिला ढोल वाजवायचा मान आमच्या घराण्याचा. पणजोबांपासून. तीन दिवस उपास धरलेल्या माणसानेच तो गळ्यात घालायचा. मी पाकिटातून एक अख्खी गोळी काढली, पदराला बांधली आणि माळाच्या वाटेने पळत सुटले. सगळ्या वाटेने एकच डोळ्यांपुढं येत होतं, आप्पा दगडावर डोकं आपटून पडलेत आणि तोंडाला फेस. मागून आई हाका मारत येत होती.

देवळापुढं गर्दी दाटली होती. मी बायांच्या मागून टाचा उंचावल्या. आप्पा मधोमध उभे होते, गळ्यात ढोल. दोन टिपऱ्या पडल्या आणि त्यांचा हात हवेतच राहिला. आधी बोटं, मग कोपर, मग सगळं अंग थडथडायला लागलं. उन्हात उभं राहूनही दातावर दात वाजत होते. गुडघे टेकले.

"देव आला! चांगभलं!" कुणीतरी ओरडलं. भंडाऱ्याच्या मुठीच्या मुठी त्यांच्यावर पडल्या. आबाजीतात्या, देवळाचे जुने पुजारी, हात जोडून पुढं वाकले. "बोल देवा! पाऊसपाणी कसं हाय यंदा? लेकरांस्नी सांग!"

आप्पांनी डोळे उघडले आणि गर्दीतून नेमकं माझ्याकडं बघितलं. खोटं कशाला सांगू, मी गप्प राहिले असते तर ते देव झाले असते. पुढचं वर्षभर अख्खी वस्ती त्यांच्या पाया पडली असती.

आईने माझा दंड धरला. "गप ऱ्हा. सोयरं बघत्यात."

मी दंड सोडवून घेतला आणि आत घुसले. "तात्या, सरा बाजूला! देव न्हाय आलेला! त्यांनी गोळी घेतली न्हाय, त्याची तलफ हाय ही!"

तलफ! दारुड्याला म्हणतात तसं. तोंडातून गेलं आणि मला माझीच जीभ हासडावीशी वाटली. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. "जोतीराम गोळ्या खातूय व्हय? कशाच्या रं?"

आबाजीतात्यांचा चेहरा उतरला. "पोरी, काय बोलतीस? देवाच्या दारात हाईस."

"पोरगी खरं बोलतीया, तात्या," आप्पा म्हणाले. दातांमधून शब्द तुटत तुटत येत होता, पण शेवटच्या माणसाला ऐकू गेला. "अकरा वरसं झाली. पोटासाठनं घेतली, आता तिच्याबिगर ऱ्हावत न्हाय. सोडायचं चाललंय माझं. मला वाटलं, देवासाठी तीन दिस निघत्याल. न्हाय निघालं."

त्यांनी माझ्यापुढं हात पसरला. मी गोळी ठेवली तर ती मातीत पडली. उचलून, पुसून मी त्यांच्या जिभेवर ठेवली, तांब्या तोंडाला लावला. सगळ्या भावकीदेखत त्यांनी ती गिळली. मग स्वतःच्या हाताने ढोल उतरवला आणि चुलतभावापुढं, दादासोकाकांपुढं, धरला. ते घेईनात.

"धर," आप्पा म्हणाले. "तुझा उपास सोवळा हाय."

आम्ही देवळाच्या सावलीला भिंतीशी टेकून बसलो. तासाभराने दात वाजायचे थांबले, घाम उतरला. हात काही थांबले नाहीत.

"आता किती घ्याया लागत्याल?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टरांस्नी इचारू. दोन म्हणत्याल, न्हायतर परत तीन."

"म्हंजी चार म्हयनं पाण्यात."

"जाऊ द्या पाण्यात. माणूस तर हाय." मला रडू फुटलं. "आप्पा, मी तलफ म्हणाले."

"हायच की ती तलफ," ते म्हणाले. "दुसरं काय म्हणणार?"

नैवेद्य झाला. मानकरी शेवटच्या पंगतीला बसतात, पहिली पंगत पोराटोरांची. आप्पांच्या पोटात तीन दिवस काही नव्हतं. मी म्हटलं, भात इथंच आणते. ते नको म्हणाले. भिंतीला धरून उठले, भंडाऱ्याने माखलेलं अंग घेऊन गेले आणि पोरांच्या रांगेत मांडी घालून बसले.

वाढणारी छबूबाई, आमची चुलती, टोपली घेऊन थबकली. "भाऊजी, तुमी हितं?"

"उपास मोडलाय माझा, वयनी. वाढा. तिखटाचं नगं, नुसता भात."

तिकडं दादासोकाकांनी शेवटी ढोल गळ्यात घालून टिपरी टाकली. पंगतीतली पोरं माना वळवून बघायला लागली. आप्पांनी मान वळवली नाही. त्यांची बोटं थरथरत होती, शितं पत्रावळीबाहेर सांडत होती, आणि ते एकेक शीत उचलून तोंडात घालत होते.