मी चुकीचं मोजलं नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. वाण्याच्या दुकानातला नव्हे. विजेवर चालणारा, बंदुकीची दारू मोजून देणारा काटा. माझ्या डोक्यावर एक उभी डबी आहे, तिच्यात दारू भरायची. पुढे एक आडवी नळी आहे. ती गरगर फिरते आणि दाणा दाणा करून दारू ताटलीत टाकते. हवा तेवढा आकडा भरला की मी थांबतो आणि टुंग असा आवाज करतो. ती दारू मग पितळी पुंगळीत जाते, तिच्यावर गोळी बसते आणि काडतूस तयार होतं. काम एवढंसंच. पण त्यात चूक झाली, तर बंदूक समोरच्याला सोडून धरणाऱ्याच्याच तोंडावर फुटते. अशा कामात चुकल्याचा आळ माझ्यावर आला. ज्याने तो घातला त्याला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. आत्मवृत्तात असं बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे!

एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून खोक्यात बसून मी अमेरिकेतल्या मोंटानात आलो, ऑरिन ब्रेक्केच्या शेडमध्ये. ऑरिन गहू पिकवायचा. थंडीत शेत बर्फाखाली गेलं की आमच्याकडे निम्मं गाव आपापल्या शेडमध्ये काडतुसं भरत बसतं. ऑरिनही बसायचा. काम सुरू करण्याआधी तो माझ्या ताटलीत पारखायचं छोटं वजन ठेवायचा आणि आकडा बरोबर आला की माझ्या पाठीवर हलकेच थाप मारायचा. त्या थापेसाठी मी जीव ओतून काम करायचो. शनिवारी तो गावच्या क्लबच्या मैदानावर पोरांना नेमबाजी शिकवायचा. सगळ्यात आधी एकच गोष्ट शिकवायचा, "टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. दुसरा दिसला तर कान उपटीन!" आणि काम संपलं की माझ्या डोक्यातली उरलेली दारू ज्या डब्यातून आली त्याच डब्यात परत ओतायची. झोपेतून उठवलं तरी तो हा नियम चुकला नसता.

चुकला तो वेंडेल. वेंडेल म्हणजे ऑरिनचा शाळेपासूनचा दोस्त आणि मैदानाचा सुरक्षाप्रमुख. कुणी बंदुकीचं तोंड जरा वाकडं धरलं की सगळ्यांसमोर त्याची बिनपाण्याने करायचा. पिस्तुलाची काडतुसं भरायला तो आपला डबा घेऊन ऑरिनकडे यायचा आणि मलाच वापरायचा. वर मला 'डबडं' म्हणायचा. "काय रे ऑरिन, तुझं डबडं आज शुद्धीवर आहे का?" असं विचारून स्वतःच खो खो हसायचा. तेव्हा मला त्याचा राग येत नव्हता. थट्टा करणारा माणूस मनाने चांगला असतो, असा माझा भाबडा समज होता.

त्या दिवशी ऑरिन चुलीवरचं हरणाच्या मटणाचं स्ट्यू बघायला घरात गेला. वेंडेलचं काम संपलं होतं. रेडिओवर फुटबॉलचा सामना ऐन रंगात आला होता. ऑरिनला पुढे रायफलची काडतुसं भरायची होती, म्हणून वेंडेलने मदत म्हणून त्याचा डबा फळीवरून काढून टेबलावर ठेवला. झाले दोन डबे! दोन्ही उघडे. दोन्हींतली दारू खसखशीसारखी गोल आणि काळपट. पण पिस्तुलाची दारू भलती तापट, भर्रकन जळणारी. ती रायफलमध्ये गेली की संपलंच. इतक्यात रेडिओवर काहीतरी आरडाओरडा झाला, वेंडेल 'येस!' म्हणून ओरडला, आणि तिकडे कान देत त्याने माझ्या डोक्यातली पिस्तुलाची दारू ऑरिनच्या रायफलच्या डब्यात ओतली. झाकणं लावली, आपला डबा काखोटीला मारला आणि शीळ घालत गेला.

मी सगळं पाहिलं. पण मला फक्त वजन सांगता येतं हो, ओरडता येत नाही! ऑरिन आला. त्याने त्याच डब्यातली दारू माझ्यात भरली, पारखायचं वजन ठेवलं, पाठीवर थाप मारली. मी एक दाणा जास्त टाकला नाही, एक दाणा कमी टाकला नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर रायफल फुटली आणि ऑरिनचा उजवा डोळा गेला.

ऑरिन इस्पितळात असताना क्लबची माणसं शेड बघायला आली. कुडकुडत होती, म्हणून आल्या आल्या त्यांनी कोपऱ्यातला हीटर लावला. वेंडेल पुढे होता. स्वतःच्या डब्यात घरी दारू कमी दिसली असणार, कारण तो आला तोच पांढराफटक पडलेला. त्याने ऑरिनचा डबा उचलला, उघडला, आत पाहिलं आणि झाकण घट्ट लावून मुकाट्याने फळीवर ठेवला. मला वाटलं, आता बोलेल. बोल ना रे! पण नेमका तेव्हाच माझा आकडा नाचत होता. तो थंडीत बऱ्याचदा नाचायचा. वेंडेलचे डोळे लकाकले. "हे बघा," तो म्हणाला, "आकडा जागेवर राहतोय का बघा! या डबड्याने दुप्पट दारू टाकली. ऑरिनने ते बघितलं नाही. वय झालंय त्याचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. वेंडेलच्या पाठोपाठ क्लबने ठरवलं, की ऑरिनने भरलेलं काडतूस मैदानावर उडवायचं नाही. त्याचा शनिवारचा वर्गही काढून घेतला. आणि तो दिला कुणाला? वेंडेलला!

ऑरिन परत आला तो डोळ्यावर पट्टी बांधून. शेडमध्ये आला, मला दोन्ही हातांनी उचललं आणि सिमेंटच्या जमिनीवर आपटलं. माझा एक पाय तुटला, आतली एक तार निखळली. मग त्याने मला खोक्यात टाकलं. त्या खोक्यात माझ्या पोटात एका उंदरीने बाळंतपण केलं. मी अंधारात एकच विचार करत पडलो होतो. वेंडेल, तू सापड. कधीतरी माझ्यासमोर सापड!

बर्फ वितळल्यावर ऑरिनची मुलगी रोंडा राहायला आली. ती पेरणीयंत्रांची विजेची कामं दुरुस्त करते. बाप दिवसभर खिडकीशी बसून असतो, मैदानाचं नाव काढलं की उठून जातो, हे तिने पाहिलं. एक दिवस तिने माझं खोकं टेबलावर ठेवलं.

"फेक ते," ऑरिन म्हणाला.

"फेकते ना. आधी त्याचं म्हणणं तर ऐकू दे."

"त्याचं म्हणणं माझ्या तोंडावर लिहिलंय, रोंडा."

"मग दुसऱ्या बाजूने बसा जरा, डॅड. उजेड अडवताय माझा."

तिने माझे स्क्रू काढले. उंदरीचं घरटं उपसलं. "शी! बाई गं, किती पिल्लं वाढवलीस!" निखळलेली तार तिने पुन्हा जोडली. ताटलीखालच्या फटीत दारूचे दाणे अडकले होते, ते मऊ कुंचल्याने झाडून काढले. तुटक्या पायाच्या जागी रबराचा तुकडा बसवला आणि पाणसळ लावून मला समतल केलं. वीज दिली. नळी गरगर फिरली! पण आकडा मात्र नाचतच राहिला. रोंडाने पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तार बदलली. शेवटी वैतागून पाना आपटला. "नाच मेल्या, नाच!"

"जेवायला चल," ऑरिन दारातून म्हणाला. त्याने जाता जाता सवयीने कोपऱ्यातला हवा फेकणारा हीटर बंद केला. आणि माझा आकडा गप्पकन थांबला.

रोंडाने हीटर लावला. आकडा नाचला. बंद केला. थांबला. "वारा!" ती ओरडली. "डॅड, याला वारा लागत होता! भरताना हीटर चालू ठेवायचात?"

"छे. दारू उघडी असताना हीटर? वेड लागलंय का? आधी बंद, मग झाकण उघडायचं."

तिने पारखायचं वजन ठेवलं. बरोबर. काढलं, ठेवलं. बरोबर. ऑरिन खाली बसला. त्याचा हात आपोआप माझ्या पाठीवर आला आणि तिथेच राहिला. त्याने मला आपटलं होतं, ते मी त्या क्षणी सोडून दिलं.

"मग दोष दारूत," रोंडा हळूच म्हणाली. "आदल्या दिवशी इथे कोण होतं?"

ऑरिनने फळीवरच्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "वेंडेल असं करणार नाही. केलंच असतं तर सांगितलं असतं."

"मग विचारू त्यांनाच. सगळ्यांसमोर."

नेमबाजीच्या हंगामातल्या पहिल्या शनिवारी सगळा क्लब जमला होता. बायकांनी रुबार्बच्या देठांची आंबटगोड पेस्ट्री भाजून आणली होती, कॉफीच्या किटल्या भरल्या होत्या. रोंडाने मला क्लबच्या खोलीत, दारंखिडक्या लावून, टेबलावर ठेवलं. वेंडेलने मला बघितलं आणि तोंडाकडे नेलेला त्याचा पेस्ट्रीचा तुकडा वाटेतच थांबला. मित्रांनो, काय सांगू, मला किती बरं वाटलं!

तिने हीटरची गोष्ट सांगितली. वजन ठेवून दाखवलं. लोक वाकून वाकून बघत होते. मग तिने शेडमधल्या फळीवरून आणलेला तोच डबा पुढे केला, सगळ्यांदेखत दारू मोजली आणि पुंगळीत गोळी बसवायच्या, सोबत आणलेल्या दाबयंत्रावर एक काडतूस भरलं. बापाची दुसरी रायफल टेबलावर ठेवली. मैदानाच्या नियमाप्रमाणे तिचा बोल्ट, म्हणजे मागून नळी बंद करणारा दांडा, काढून हातात घेतला होता; तो नसला की रायफल उडत नाही.

"अंकल वेंडेल, दोष काट्याचा होता ना? काटा आता बरोबर आहे. दारू तीच आहे. हा बोल्ट. या बाहेर आणि मारा एक गोळी."

"दुसऱ्याने भरलेलं काडतूस मी उडवत नाही. नियम आहे."

"आयुष्यभर एकमेकांची उडवलीत तुम्ही!"

"खांदा दुखतोय माझा."

कुणीतरी हसलं. वेंडेलचे कान लाल झाले, पण हात काही पुढे येईना. मी मनात म्हणत होतो, घे ना! घे बोल्ट! दाब खटका! हो, मला तेच हवं होतं. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात ऑरिन उठला. लेकीच्या हातातून बोल्ट घेतला, काडतूस घेतलं, रायफल खांद्यावर टाकली.

"डॅड, नाही! तुम्ही नाही!" रोंडा किंचाळली. हे तिने ठरवलेलं नव्हतं.

"गप. वेंडेल सांगतो डबा ठीक आहे. शाळेपासून ओळखतो मी त्याला. तो म्हणतो म्हणजे ठीकच असणार." तो दाराकडे चालू लागला. दारात वळला. "काय रे वेंडेल? अजून एक डोळा आहे माझ्याकडे. उडवू ना?"

त्याने बोल्ट बसवला. काडतूस आत सारलं. पायऱ्या उतरला. कुणाला काय करावं कळेना.

"नको!" वेंडेल ओरडला. पेस्ट्रीची बशी खाली पडून फुटली. "नको, ऑरिन! माझी दारू आहे त्यात! मी ओतली! चुकून, देवाशप्पथ चुकून!"

ऑरिनने रायफल मोकळी केली आणि काडतूस खिशात घातलं. "चुकून ओतलीस, ते समजू शकतो," तो म्हणाला. "इतके महिने चुकून गप्प बसला होतास का?"

वेंडेल टोपी उचलून दाराकडे सरकला. रोंडा म्हणाली, "घरी जाताना ती बशी उचल, वेंडेल." अंकल हा शब्द तिने पुन्हा कधी वापरला नाही.

ऑरिनचा वर्ग त्याला परत मिळाला. लोक म्हणाले, वेंडेलला क्लबमधून काढा. ऑरिन म्हणाला, "अजिबात नाही. मला तो इथेच हवाय." त्याने एकच अट घातली. हंगाम सुरू होताना नव्या पोरांसमोर वेंडेलने उभं राहायचं आणि काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मी टेबलावर असतो. ऑरिन मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसतो.

मित्रांनो, तुम्हाला माझं सांगणं एवढंच. यंत्र पुसून ठेवा, वाऱ्यापासून जपा, काम झाल्यावर रिकामं करा. आणि हातून चूक झाली तर त्याच दिवशी बोला. ज्याला तोंड नाही त्याच्या माथी ती मारू नका. आम्ही विसरत नाही.

परवाच या वर्षीचा वर्ग झाला. वेंडेल आता वाकलाय. दोन डब्यांचं सांगून झालं, रेडिओचं झालं. मग एका लहान मुलीने हात वर केला. "म्हणजे काट्याची काहीच चूक नव्हती?"

"नव्हती," वेंडेल माझ्याकडे न बघता पुटपुटला.

मागच्या बाकावरून ऑरिनचा आवाज आला, "मोठ्याने बोल, वेंडेल. इथे ऐकू आलं नाही."