बसवण्णा सेलूला कसा आला

मी आता जे लिहिणार आहे त्यावर तुमचा इतबार बसणार नाही. न बसो. धोंडप्पाचाही आधी बसला नव्हता, आणि तो तर माझ्या ओट्यावर काठी आडवी टाकून बसला होता.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. सेलूत माझं कापडाचं दुकान, पण पाय दुकानात ठरत नसत. कंधारचा किल्ला पाहिला, औशाचा पाहिला, पोखर्णीच्या नरसिंहापुढं बसून आलो, चारठाण्याची जुनी देवळं तर खांब न् खांब मोजली. त्या चारठाण्याहूनच हा धोंडप्पा आला होता. तोही पायी, कारण सोमवार होता, आणि आम्हा लिंगायतांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. गुडघ्यापर्यंत फुफाटा. दारात आल्यावर नमस्काराचं शरणार्थसुद्धा म्हणाला नाही. माझ्या बायकोनं, बसम्मानं, पाण्याचा तांब्या पुढं केला. तो त्यानं बाजूला सारला आणि ओट्याच्या कोपऱ्याकडं काठी रोखली. तिथं दोन वितींचा दगडी नंदी बसला होता.

"आमचा बसवण्णा हाय तो. माय आठ वर्सं रिकाम्या जाग्याला पाणी घालत आली. सरळ द्या, न्हाईतर डोकं फोडून नेतो."

त्याची माय भागम्मा आता अंथरुणाला खिळली होती म्हणे, आणि मरायच्या आत तिला नंदी जाग्यावर बघायचा होता. मला काही पाझर फुटला नाही. आठ वर्षं तेल चोळून मी त्याला काळाभोर केला होता. आणि शेजारपाजारचे सात-आठजण गंमत बघायला जमले होते. त्यांच्यासमोर चोर ठरणं मला परवडणार नव्हतं.

मी म्हटलं, बसवण्णा निघाला त्या दिवशी तू गावात नसशील, आधी ऐक. त्या दिवशीही सोमवारच होता. मी देवळात खांबांची मापं घेत होतो, तर तुझ्या गावानं मला गुप्तधन उकरणारा समजून आत कोंडलं. बाहेर शंभर माणूस, शंभर विळे. शिव्या अशा की खांबावरच्या नाचणारणींनी कान झाकले. जाऊन बघ, एकीचा हात अजून कानावर आहे. मला जाळायचं की पुरायचं एवढंच ठरायचं राहिलं होतं. इतक्यात हा नंदी उठला. अंग झटकलं, सातशे वर्षांची धूळ उडाली, आणि येऊन माझा हात चाटला. जीभ खरबरीत. दगडाचीच ती.

धोंडप्पा म्हणाला, असल्या थापा सेलूच्या बाजारात विकाव्यात. मी नंदीचे झिजलेले खूर दाखवले. बसल्या बसल्या खूर झिजतात होय? शेजाऱ्यांनी माना हलवल्या.

मग मला जोर चढला. सांगितलं, शंभर विळे एकदम खाली पडले. गाव पाया पडलं. म्हणालं, बसवण्णाच तुमच्यासंगं निघाला, आमी अडवणारे कोण. गाडी सजवली, तिला देवणी बैलांची जोडी, गळ्यात घुंगुरमाळा, नंदी माझ्या मांडीवर, आणि वाजतगाजत सेलूच्या वेशीपर्यंत आणून सोडलं.

धोंडप्पाची काठीवरची मूठ सैल झाली. देव आपल्या मर्जीनं निघाला असेल तर त्याला ओढून न्यायचं कसं, हा पेच त्याच्या तोंडावर दिसत होता. तो उठला. पायताण शोधू लागला. मी मिशीवर हात फिरवला.

तेव्हा उंबऱ्यातून बसम्मा बोलली.

"सोमवारी गाडीला बैल कुणी जुंपले?"

ती बाहेर आली आणि तांब्या पुन्हा धोंडप्पापुढं ठेवला.

"खोटं बोलायलाव तुमी. धोतरात गुंडाळून खांद्यावरनं आणलंय त्याला. वळ आठ दिवस मीच शेकलेत. आठ वर्सं गप बसले, आज न्हाई. धोंडप्पा, पाणी पी, आन् उचल बसवण्णाला."